फोनवर दिलेला हुंकार

ज्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, त्याच वर्षांत आमच्या जिल्ह्यात इंग्रजी फार येऊ लागलं. आधी पीक बिघडलं, मग भाव पडला आणि मग जीपमधून माणसं उतरू लागली. दिल्लीचे पत्रकार, मुंबईच्या अभ्यास समित्या, परदेशी पाहुणे. गळ्यात कॅमेरा, हातात पाण्याची बाटली. सगळे सभ्य, सगळे घाईत, आणि सगळे इंग्रजीत.

मी तेव्हा यवतमाळला एका लहान संस्थेत काम करत होते. बायकांचे बचत गट चालवायचे आणि फवारणी कमी करून कापूस कसा घ्यायचा ते शिकवायचं, असं आमचं काम. ऑफिस म्हणजे भाड्याच्या घराचा वरचा मजला. तीन टेबलं, एक कपाट आणि खिडकीजवळ फोन. फोनमधून ‘हॅलो, गुड मॉर्निंग’ ऐकू आलं की आमचे अकाउंटंट काका रिसीव्हर गरम तव्यासारखा धरायचे आणि ओरडायचे, “भाऊ, तुमचा!” भाऊ म्हणजे संस्थेचे प्रमुख. ते आतल्या खोलीतून हातानं खूण करायचे की सांगा, मी दारव्ह्याला गेलोय. आता हे इंग्रजीत सांगायचं कोणी? काका सरळ फोन ठेवून द्यायचे. पलीकडच्याला वाटत असणार, यवतमाळच्या लाईनी फार खराब आहेत.

आधी आमच्या मदतीला कॉलेजातले एक प्राध्यापक यायचे. पाहुणे आले की ते दुभाष्याचं काम करायचे. त्यांची बदली झाली आणि भाऊंनी मला आत बोलावलं.

“ताई, तुम्ही बीए आहात ना?”

“हो. मराठी घेऊन.”

“इंग्रजी होतं ना पण?”

“कंपल्सरी होतं. पास झाले.”

“मग सुटला प्रश्न.”

बाहेरून काकांचा आवाज आला, “पास तं मीबी झालतो भाऊ. म्हणून मले बसवान का फोनवर?”

गंमत तिथेच संपली, कारण पुढची गोष्ट भाऊंनी दार लोटून सांगितली. माझी नेमणूक एका हंगामापुरती होती. संस्थेला मदत देणाऱ्या परदेशी मंडळींपैकी एक बाई दिवाळीनंतर येणार होत्या आणि त्या काय पाहून जातात यावर पुढची मदत ठरणार होती. पाहुण्यांचं इंग्रजी मी सांभाळलं तर माझी जागा कायम. नाही तर नागपूरहून इंग्रजी शाळेत शिकलेलं कोणीतरी घ्यावं लागणार, आणि दोघींना ठेवणं संस्थेला झेपणारं नव्हतं. माझे मिस्टर एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. आलेल्या कापसाची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. त्या वर्षी जिनिंग आठवडाभर चालू तर आठवडाभर बंद असं चाललं होतं. घरात एकाचं तरी काम पक्कं हवं होतं, आणि ते माझंच असणार हे दोघांनाही न बोलता कळलेलं होतं.

मी मुळात याद्या करणारी बाई. किराण्याची यादी, कामांची यादी, झालेल्या कामांची यादी. मिस्टर विचारायचे, “तुझ्या याद्यांची यादी कुठं ठेवली?” तेव्हा इंग्रजी शिकायचं म्हटल्यावर मी घाबरून न बसता कागद घेतला, ही माझ्या स्वभावाची गोष्ट. पण सुरुवात चुकली. मी शब्दकोश उघडला आणि ए पासून पाठ करायला लागले. ‘अबँडन’ पक्का पाठ झाला. इतकी वर्षं झाली, मला अजून तो शब्द कोणाला ऐकवायची संधी मिळालेली नाही.

तीन-चार दिवसांनी राळेगावच्या एसटीत बसले होते. मागच्या सीटवर धोतर नेसलेले दोन आजोबा बोलत होते. एक म्हणाले, “स्प्रे मारला, पन रिझल्टच नाई.” दुसरे म्हणाले, “डोस कमी झाला असन. अन् लाईटचं टेन्शन वेगळं. डीपी जळाली, मोटर बंद.” मी पिशवीतून कागद काढला आणि खरा पहिला कागद तिथे भरला. स्प्रे, रिझल्ट, डोस, लाईट, टेन्शन, मोटर, पंप, ड्रिप, पॅकेट, लेबल, मार्केट, रेट, ग्रेड, क्वालिटी, लोडशेडिंग. राळेगाव येईपर्यंत पान भरलं. शाळेत न गेलेल्या माणसांकडे एवढं इंग्रजी असेल तर आपल्याकडे दुप्पट आहे, हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. आजही मला कोणी विचारलं की इंग्रजी बोलायला कुठून सुरुवात करू, तर मी सांगते, आधी आपल्या तोंडात असलेलं मोजा. नवीन नंतर.

मग कापसाचे शब्द गोळा केले. बोंडाला बोल, सरकीला सीड, रुईला लिंट, वेचणीला पिकिंग. हे मिस्टरांनी जिनिंगमधून आणून दिले. तिथे गाठी विकत घेणारे व्यापारी यायचे, त्यांच्या कागदांवर असे शब्द असायचे. एक महत्त्वाचं मिस्टरांनीच सांगितलं, बाहेरच्या माणसाला लाख-कोटी कळत नाही, त्याला मिलियन लागतं. दहा लाखांचा एक मिलियन. मी भाजी निवडताना आकडे पलटायचा सराव करायचे. मुलगी विचारायची, “आई, मेथी किती मिलियन?”

पण सर्वांत कामाची ठरली ती तयार वाक्यं. एकेक शब्द जोडत वाक्य बनवायला गेलं की कर्त्यापासून क्रियापदापर्यंत पोहोचेस्तोवर समोरच्याचा चहा संपतो. म्हणून मी अख्खी वाक्यंच पाठ केली. बोलण्यात शिरायचं एक, वेळ काढायची तीन, बाहेर पडायचं एक. ‘लेट मी चेक.’ ‘गिव्ह मी वन मिनिट.’ आणि माझं सर्वांत आवडतं, ‘हाऊ शुड आय से इट.’ हे वाक्य सावकाश, जरा वर पाहून म्हणायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, या बाईंकडे चार शब्द आहेत आणि त्यातला चांगला निवडताहेत. प्रत्यक्षात माझ्याकडे एकही नसायचा. पण त्या दोन क्षणांत बहुतेक वेळा एखादा यायचा.

सराव एसटीतच. खिडकीतून जे दिसेल ते इंग्रजीत पुटपुटायचं. एकदा शेजारच्या बाईंनी बराच वेळ माझ्या ओठांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “कोनती पोथी म्हनून राह्यल्या वो?”

“पोथी नाही, इंग्रजी.”

“कायले?”

“नोकरीसाठी.”

“मंग जोरानं म्हना. मनातल्या मनात बोलनाराले कोन नोकरी देते?”

बाई अनोळखी होती, पण सल्ला मी आजवर पाळला आहे. त्या दिवसापासून मी आवाज काढून बोलू लागले. दिस इज अ बुलक कार्ट. दॅट मॅन इज स्लीपिंग. मागच्या सीटवरून फर्माइशी यायला लागल्या. “ताई, त्या निंबाच्या झाडाले काय म्हनते?” मी म्हटलं, “नीम.” तो गृहस्थ निराश झाला. “थे तं आपलंच हाये. काई वेगळं सांगा ना.”

उच्चारांच्या मागे मी लागले नाही. माझा ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकाच घरचे आहेत, अजूनही. कोणाचं अडलेलं नाही. सावकाश बोलायचं, वाक्य लहान ठेवायचं आणि शेवटपर्यंत न्यायचं, एवढंच धरून ठेवलं.

अशी तयारी झाली आणि एका सकाळी तो फोन आला. काकांनी रिसीव्हर माझ्याकडे असा दिला की जणू लहान मूल. पलीकडे त्याच बाई होत्या, ज्या येणार होत्या. माझं आत शिरायचं वाक्य झकास निघालं. त्यानंतर त्या बोलू लागल्या. भरभर बोलत होत्या, लाईन खरखरत होती. मला तारीख कळली, गावाचं नाव कळलं, ‘वुमेन’ कळलं, ‘कॉटन’ तर कळलंच. बाकीचं अर्धं हवेत जात होतं. पण मी डगमगले नाही. मी आमच्या रीतीनं मधूनमधून म्हणत राहिले, येस. येस. येस मॅडम.

ही रीत बाहेरच्यांना सांगावी लागते. आमच्याकडे समोरचा बोलत असला की त्याच्या दर वाक्याला ‘हाव’ म्हणायचं. हाव म्हणजे हो. पण त्याचा अर्थ ‘मान्य आहे’ असा नसतो. मी इथे आहे, ऐकते आहे, पुढे बोला, इतकाच असतो. तुम्ही हाव म्हणायचं थांबलात तर बोलणारा थांबतो आणि विचारतो, “आयकून राह्यली ना?” फोनवर तर तोंड दिसत नाही, तेव्हा हाव सारखा द्यावाच लागतो. न देणं म्हणजे पाठ फिरवण्यासारखं. मी तोच हाव इंग्रजीत देत होते, आणि मला त्यात आपण काही वेगळं करतो आहोत असं वाटतही नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा काका उभे राहिले होते. “काय बोलल्या ताई तुमी! मशीनसारख्या!” भाऊंनी चहा मागवला आणि त्यात आलं टाकायला सांगितलं. आमच्या ऑफिसात आलं फक्त पाहुण्यांच्या चहात पडायचं.

“काय म्हणाल्या?” भाऊंनी विचारलं.

“सतरा तारखेला येतात. गावात गटाच्या बायकांना भेटायचंय.”

“बस? एवढा वेळ तेवढंच?”

“मोठी माणसं, भाऊ. सावकाश सांगतात.”

बाई येणार त्या दिवशी भाऊंना अमरावतीला जाणं भाग होतं. जाताना त्यांनी मला एकच सूचना दिली. “त्या जे म्हणतील त्याला हो म्हणा. आपली पुढची तीन वर्षं त्यांच्या हातात आहेत. तुमचीही.”

बाई ठरल्या दिवशी सकाळी आल्या. उंच, पन्नाशीच्या, डोक्यावर सुती टोपी. सोबत एक कॅमेरावाला, तो फारसा बोलत नव्हता. आम्ही संस्थेच्या जीपनं निघालो. समोरासमोर त्या मला फोनपेक्षा पुष्कळ जास्त कळत होत्या. चेहरा दिसतो, हात दिसतात, आणि माणूस आपल्याकडे पाहून वेग कमी करतो. राळेगावचा रस्ता लागला तेव्हा त्यांनी माझे आभार मानले. कशाबद्दल, तर मी सगळं मान्य केल्याबद्दल. गटातल्या सगळ्या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून त्यांच्याशी बोलणार. प्रत्येकीची वेगळी मुलाखत. दुपारचं जेवण बायकांच्या घरी, बिनतिखटाचं. आणि प्रत्येकीचा तिच्या घरासमोर फोटो.

मी म्हटलं, “मी असं म्हटलं?”

“यू सेड येस,” त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. “टू एव्हरीथिंग.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ उतरून आलं होतं. शेतोशेती पऱ्हाटी पांढरी फुटली होती आणि जिकडे पाहावं तिकडे वाकलेल्या बायका. कापूस फुटलेला असताना पाऊस आला तर तो भिजतो, पिवळा पडतो, मातीत लोळतो. आमच्या घरी रोज संध्याकाळी याचंच बोलणं व्हायचं. भिजलेल्या कापसाची ग्रेड कशी एका घटकेत जाते हे मला मिस्टरांमुळे पाठ होतं. आणि त्या वर्षी ग्रेड गेलेला कापूस घ्यायला कोणी उभं राहत नव्हतं.

गावात पोहोचलो तर कुत्री आणि म्हातारी माणसं सोडून कोणी नाही. एका आजीनं नाल्याकडे हात केला. त्या गटातल्या बायका एकमेकींचं शेत पाळीपाळीनं वेचत असत, मजुरी द्यायला नको म्हणून. आज गटाच्या अध्यक्ष बाईंच्या शेताची पाळी होती. आम्ही बांधावरून तिकडे गेलो.

अध्यक्ष बाई माझ्याच वयाच्या, कामाला वाघ आणि जिभेला धार. आम्हाला पाहून त्या हसतच पुढे आल्या. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, म्हणजे लुगड्याची झोळी, आणि ती अर्धी भरलेली.

“जयभीम ताई! आल्या का पाव्हन्या? या, या. बसा म्हनाव.” त्यांनी बांधावर पोतं अंथरलं. पाहुण्या बाईंना हात जोडले. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून त्या मला म्हणाल्या, “ताई, आजच काहून आनली यायले? वरतं पायलं का? पानी आलं तं माहा अख्खा वेचा मातीत जाईन.”

“या दिवसभर मीटिंग घेणार म्हणतात.”

“कोनाची?”

“तुमची. सगळ्यांची. मी फोनवर हो म्हटलं म्हणे.”

“तुमी कायले हो म्हनलं वो?”

“मी कुठं हो म्हटलं? मी नुसता हाव देत होते.”

त्या मोठ्यानं हसल्या. त्यांना एका क्षणात कळलं. “घ्या! आता सांगा त्याईले, हाव तुमचा, मीटिंग आमची!”

“तुम्हीच सांगा ना, आज जमणार नाही म्हणून.”

“मी? शेतात आलेल्या पाव्हन्याले? नाई म्हनू?” त्या खरोखर दचकल्या. मग पाहुण्या बाईंकडे वळून मान हलवत म्हणाल्या, “हाव, हाव. बसा बसा.” आणि मागे वळून हाक दिली, “चाला वो बायाहो, या इकडं. पाव्हने आले.”

पाहुण्या बाई खूश झाल्या. वेचणाऱ्या बायका एकमेकींकडे पाहत सरळ झाल्या. कोणी वर आभाळाकडे पाहिलं, कोणी माझ्याकडे. आणि एकेक जण कमरेची ओटी सोडायला लागली.

तेव्हा मला माझ्या इंग्रजीची खरी स्थिती कळली. माझ्याकडे स्वागताचं वाक्य होतं, वेळ काढायची वाक्यं होती, निरोपाचं वाक्य होतं. लिंट होतं, मिलियन होता. पण नकाराचं एकही वाक्य मी तयार केलं नव्हतं. मनातही आलं नव्हतं. कारण आमच्या बोलण्यातही ते नसतंच. आम्ही ‘पाहू’ म्हणतो, ‘सांगतो’ म्हणतो, ‘जमलं तर येतोच’ म्हणतो, आणि ऐकणारा काय ते समजून जातो. या बाई समजून जाणार नव्हत्या. आणि भाऊंचं तर स्पष्टच होतं, जे म्हणतील त्याला हो. मी हो म्हटलं तर माझी नोकरी राहत होती आणि अध्यक्ष बाईंचा कापूस जात होता. नाही म्हटलं तर कदाचित उलट.

पहिल्या बाईची ओटी सुटून पोत्यावर पडली. मी म्हटलं, “मॅडम, नो.”

त्यांनी टोपी मागे सारली. “सॉरी?”

“नो मीटिंग नाऊ. रेन इज कमिंग. दिस कॉटन इज हर्स. इफ इट गेट्स वेट, ग्रेड गोज डाऊन. नो रेट.” ग्रेड, रेट, सगळे एसटीतल्या आजोबांचे शब्द. “दे विल स्टॉप वर्क फॉर यू, बिकॉज यू आर अ गेस्ट. बट दे शुड नॉट स्टॉप.”

“पण तुम्ही तर हो म्हणाला होतात,” त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या.

मी वर पाहिलं आणि म्हटलं, “हाऊ शुड आय से इट.” या वेळी खरंच शोधत होते. मग जसं आलं तसं सांगितलं. आमच्याकडे तुम्ही बोलता तेव्हा मी येस म्हणते. त्याचा अर्थ, आय ॲम हिअर. आय ॲम लिसनिंग. गो ऑन. आय ॲग्री असा नाही.

“म्हणजे फोनवरचे ते सगळे येस...?”

“लिसनिंग, मॅडम.”

“मग तुम्ही मान्य नेमकं काय केलं होतं?”

“ओन्ली द डेट.”

त्या इतक्या हसल्या की कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. अध्यक्ष बाईंनी मला कोपरानं ढोसलं. “काय म्हनलं वो तुमी? रागावली का थे?”

“‘नाही’ म्हटलं.”

“तोंडावर? माय वो!” आणि लगेच, पाव्हनी हसते आहे याची खात्री करून, त्यांनी बायकांना हाक दिली, “चाला, बांधा ओट्या!”

पाहुण्या बाई बांधावर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, महिनाभर फिरते आहे, मला अजून कोणी कशालाच नाही म्हटलेलं नाही. मला वाटत होतं, किती सोयीचा मुलूख आहे! मग त्यांनी विचारलं, बोलायला कधी यावं? मी म्हटलं, कापूस बैलगाडीत भरून झाला की. आणि सगळ्यांच्या मुलाखती नाहीत, सगळ्यांशी एकदम बोला. जेवण मी सोबत आणलेल्या डब्यातलं. एकदा नाही म्हणता आलं की पुढची वाक्यं किती सुटसुटीत होतात याचं मला स्वतःलाच नवल वाटत होतं. कॅमेरावाल्यानं खुणेनं विचारलं, फोटो? मी आता बायकांच्या वतीनं हो म्हणणार नव्हते. त्यांनाच विचारलं.

“नाई म्हनाव,” पऱ्हाटीतून आवाज आला. “आंदी तोंड धुऊ दे!”

चार वाजता मंडळी गाडीजवळ बसली. कापसावर ताडपत्री बांधून झाली होती. पाहुण्या बाईंनी लांबलचक प्रश्न सुरू केला, मी हात वर केला आणि म्हटलं, “स्मॉल पीसेस, प्लीज.” त्यांनी प्रश्नाचे तुकडे केले. एक तुकडा होता, गटामुळे तुमचं काही बरं झालं का?

अध्यक्ष बाई म्हणाल्या, “थोडंसं झालं. लय नाई. पन हे लिहू नका म्हनाव, भाऊ रागावन.”

मी पहिलं सांगितलं, दुसरं सांगितलं, आणि तिसऱ्यापाशी म्हटलं, “अँड शी सेज थँक यू.” सगळ्या बायका खो खो हसल्या. पाहुण्या बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “ते थँक यू बरंच लांब होतं,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “येस.” मग जरा थांबून, “लिसनिंग.”

पाऊस आला, पण आम्ही यवतमाळच्या वाटेला लागल्यावर. तोवर कापसाची बैलगाडी घरी पोहोचली होती.

भाऊ दुसऱ्या दिवशी अमरावतीहून परतले ते थेट माझ्या टेबलापाशी आले. ड्रायव्हरनं सांगितलेलं होतं.

“ताई, तुम्ही त्या बाईंना नाही म्हणालात?”

“हो.”

“मी तुम्हाला काय सांगून गेलो होतो?”

मी काय झालं ते क्रमानं सांगितलं. भाऊ ऐकत होते आणि मधूनमधून हाव म्हणत होते. शेवटी म्हणाले, “बरोबर आहे, पण त्यांना काय वाटलं असेल?” आणि आत निघून गेले. पुढचे दहा-बारा दिवस ऑफिसात माझ्याशी सगळे जरा जास्तच गोड बोलत होते. नोकरी जाणाऱ्या माणसाशी बोलतात तसे. मी घरी मिस्टरांना सांगितलं, बहुतेक नागपूरची कोणी येईल. ते म्हणाले, “कापूस भिजला नाही ना? मग बस.” मला बरं वाटलं. पण त्यानं महिना चालत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

मग एका दुपारी फोन वाजला आणि त्याच बाईंचा आवाज आला. या वेळी भाऊंनी स्वतः रिसीव्हर घेतला. त्यांना काही धोका घ्यायचा नव्हता. पाठ ताठ, चेहरा हसरा, आणि सुरू झालं, येस. येस. येस मॅडम. येस. काकांनी लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंच्या कपाळावर घाम आला होता, पण येस थांबत नव्हते. शेवटी त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

“घ्या वो ताई. मी कशाकशाला हो म्हणून राह्यलो, मलाच कळेना.”

मी फोन घेतला. नाव सांगितलं. बाईंनी ओळखलं आणि लगेच वेग कमी केला. त्यांचं म्हणणं असं होतं की मदत सुरूच राहील, आणि त्या जूनमध्ये दहा-बारा जणांना घेऊन आठवडाभरासाठी गावात येऊ इच्छितात. मी म्हटलं, “नो, मॅडम. जून इज सोइंग. कम इन फेब्रुवारी.” पेरणीच्या दिवसांत गावात कोण मोकळं असतं? त्या म्हणाल्या, ठीक. मी म्हटलं, “टेन पीपल, नो. थ्री.” त्या म्हणाल्या, चार? मी म्हटलं, “लेट मी चेक,” भाऊंकडे पाहिलं, आणि म्हटलं, “फोर. ओके.”

फोन ठेवला.

“मदत सुरू राहणार आहे,” मी सांगितलं. “जूनमध्ये येणार नाहीत.”

भाऊंनी खुर्ची ओढली आणि बसले. “मी जूनला हो म्हणून बसलो होतो काय?”

“दोनदा,” काका म्हणाले.

भाऊ टेबलावर बोटं वाजवू लागले. मग मीच विचारलं, “भाऊ, माझ्या जागेचं काय ठरलं?”

“पाहू ना, ताई.”

“‘पाहू’ नको, भाऊ. हो की नाही ते सांगा.”

काकांनी चष्मा काढला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे, मग परत माझ्याकडे.

“हो,” ते म्हणाले.

“म्हणजे मान्य?”

“मान्य, बाप्पा. मान्य. आजपासून.”

फोन माझ्या टेबलावर आणायचं ठरलं. वायर पुरेना. तेव्हा काकांनी एक बाजू धरली, भाऊंनी दुसरी, आणि माझं टेबलच खिडकीजवळ नेलं. उन्हाळ्यात तिथे फार तापतं, हे मला माहीत होतं. मी पडद्याचं माप घेतलं.